आकडा छापा, पण त्याचं अधिक-उणेही छापा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, की वेधशाळेला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही आणि हे निघाले २१०० सालचं तापमान सांगायला. आमच्याकडे पारावर पण रोज हेच चालतं, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही, २०१९ ला एप्रिलमध्ये सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज होता आणि पडला ११० टक्के, लोक विसरत नाहीत हो असलं काही. पण शंका घ्यायची तर योग्य जागी घ्यावी, म्हणून हे लिहितोय.

आधी मोजण्याचं बघू. मोजण्यात गडबड होते का? होते की. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश तापमान नोंदलं गेलं आणि देशभर बोंब झाली. त्याच दिवशी दिल्लीतली बाकी केंद्रं मात्र पन्नाशीच्या आतच होती, म्हणून तिथला सेन्सर तपासला तर तो ३ अंश जास्त दाखवत होता. चूक सापडली ती शेजारच्या केंद्रांमुळेच. लिबियातला ५८ अंशांचा १९२२ चा जागतिक विक्रम तर ९० वर्षांनी, २०१२ ला, जागतिक हवामान संघटनेनं रद्द केला, कारण नोंद घेणाऱ्याला तापमापक नीट वाचताच आला नव्हता असा निष्कर्ष निघाला. म्हणजे एकेका आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये हे खरंच, पण जगाचं सरासरी तापमान काय एका मुंगेशपूरवर काढत नाहीत, हजारो केंद्रं, जहाजं, समुद्रात सोडलेले ४००० च्या आसपास तरंगते फ्लोट, आणि सगळ्यांची एकमेकांशी पडताळणी चालूच असते.

आता हे हवामानवाले शास्त्रज्ञ जुन्या आकड्यांत फेरफार करतात असं त्या पत्रात होतं. करतात, आणि का ते पण सांगतो. पूर्वी जहाजावर समुद्राचं पाणी कॅनव्हासच्या बादलीत वर ओढून तापमान घ्यायचे, वर येईपर्यंत बाष्पीभवनानं पाणी थोडं गार व्हायचं, नंतर इंजिनात जाणाऱ्या पाण्याचं मोजायला लागले, ते थोडं गरम. दोन्ही आकडे तसेच जोडले तर वाढ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून जुने आकडे थोडे वर घेतात, आणि त्यामुळे जगाची एकूण तापमानवाढ उलट कमीच दिसते!! घोटाळा करणारे असा उलटा घोटाळा कशाला करतील?

खरी अनिश्चितता पुढच्या अंदाजात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचं उत्तर १९७९ ला होतं १.५ ते ४.५ अंश. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) अहवालात ते २.५ ते ४ झालं. चाळीस वर्षं, एवढे कॉम्प्युटर, आणि पट्टा इतकाच अरुंद झाला, मुख्य अडचण ढगांची, खालचे ढग ऊन परत पाठवतात, वरचे उष्णता धरून ठेवतात, आणि तापमान वाढल्यावर कुठले कमी होतील कुठले जास्त हे अजून पक्कं सांगता येत नाही. पण बघा, त्या पट्ट्यात शून्य कुठेच नाही. आणि शतकाच्या शेवटी १.४ अंश की ४.४ अंश असे जे लांब-लांबचे आकडे येतात त्यातला मोठा फरक शास्त्रज्ञांच्या अज्ञानाचा नाहीच, आपण कोळसा आणि तेल किती जाळणार त्याचा आहे. ते कुठलं मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवरचं हवामानाचं गणित, सांगणार?

आपल्या पावसाचं तर आणखी अवघड. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये केलेल्या अहवालात आहे की १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्के घटला, त्यात आपला सह्याद्रीपण आला, आणि मॉडेलं म्हणतात पुढे पाऊस वाढणार. लगेच पकडलं असं वाटतं ना? पण त्याच अहवालात कारणपण दिलंय, हवेतल्या धूर-धुळीच्या बारीक कणांनी ऊन अडवलं आणि पाऊस दाबला गेला. हे कण पुढे किती राहतील त्यावर बरंच अवलंबून. त्याच काळात मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडायच्या घटना मात्र ७५ टक्क्यांच्या आसपास वाढल्या. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३. जगाच्या मॉडेलमधला एकेक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो, ही दोन्ही ठिकाणं एकाच चौकोनात बसतात, मग तालुक्याचा पाऊस त्यातून काय काढणार.

आणि इथे खाली काय हाल आहेत ते पण सांगतो. आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक लिंबाच्या झाडाजवळ आहे, फांद्या त्याच्या डोक्यावर आल्यात, पाला पडून वरचं नरसाळं तुंबतं. खरं तर झाड जितकं उंच त्याच्या दुप्पट तरी लांब हवं. मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तरच अतिवृष्टी धरतात, एका फांदीपायी कितीजणांची नुकसानभरपाई जात असेल कुणास ठाऊक. २१०० च्या तापमानावर वाद घालणारे या लिंबाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, याचा राग येतो.

तुम्हाला एक विनंती. "तापमान १.५ अंशांनी वाढलं" असं छापता तेव्हा कुठल्या काळाच्या तुलनेत ते पण छापा, विक्रमी तापमान असेल तर केंद्राचं नाव द्या आणि पडताळणी झाली का तेपण. आणि एप्रिलमध्ये मान्सूनच्या पहिल्या अंदाजाची बातमी लावाल तेव्हा टक्क्याच्या शेजारी अधिक-उणे ५ टक्के एवढं तरी येऊ द्या, आणि सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० ची ८७ सेंटिमीटर, तीही सगळ्या देशाची, आपल्या जिल्ह्याची नाही. जागा नसेल तर पहिल्या पानावरची जाहिरात दोन ओळी कमी करा.

आपला नेहमीचा वाचक,
जालना जिल्हा