त्या काळ्या दगडाची पूर्ण ओळख करून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. भेटीत आभाराचा शब्द निघाला की आपण लगेच दुसरा विषय काढता, हे आता माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक झाले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि ते उघडपणे लिहीत आहे, कारण आपण आमच्यासाठी जे केले ते गोव्यात भूविज्ञान शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या इतरांनाही कळावे असे मला मनापासून वाटते. निवृत्तीनंतर फोंड्यात स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या स्फटिकशास्त्रज्ञाने डिचोलीच्या आमच्या वर्गासाठी इतका वेळ द्यावा, हे आमचे भाग्यच.

सांगे तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने घरून आणलेला तो गुच्छाकार, हाताला जड लागणारा काळा दगड आपल्याला आठवत असेलच. तिचे आजोबा मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि दगड त्यांच्याच जपणुकीतला होता. वर्गात कुणीतरी विचारले, ‘हे नवे खनिज असू शकेल का?’ प्रश्न रास्त होता, पण वर्गातल्या साधनांनी त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते. रंग काळा, कस (घासल्यावर उमटणारी रेघ) काळा, कठिनता एका थरात एक तर शेजारच्या थरात दुसरीच. असल्या दगडाला खाणीवर पूर्वी सरसकट ‘सायलोमेलेन’ म्हणत. मँगनीजच्या अनेक ऑक्साइडांचे मिश्रण त्या एका नावाखाली खपत असे, आणि म्हणूनच प्रजातीचे नाव म्हणून ते आता मान्य नाही.

आपण त्या प्रश्नाला ‘हो’ही म्हणाला नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाला नाहीत. आपण पहिल्यांदा विचारलेत ते, ‘दगड उचलला कुठून?’ डंपवरून, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मालाच्या ढिगावरून, उचललेला नमुना कितीही देखणा असला तरी तो कोणत्या थरातला, कोणत्या खडकाला लागून होता हे गेलेले असते, आणि नव्या खनिजाच्या वर्णनात त्याचे मूळ स्थळ नेमके नोंदवावेच लागते, हे आपण त्याच दिवशी समजावून सांगितलेत. मग आपण आजोबांना फोन लावलात. खाणीचा कोणता भाग, जांभ्याखाली किती खोल, लाल माती कुठे संपली आणि काळा माल कुठे लागला, हे आपण त्यांना ज्या आदराने आणि ज्या बारकाईने विचारलेत, ते मुले शेजारी बसून ऐकत होती. आयुष्यभर खाणीत राबलेल्या माणसाची आठवण हीसुद्धा शास्त्रीय नोंद असते, हे मी वर्गात इतक्या चांगल्या रीतीने कधीच सांगू शकले नसते.

रासायनिक पृथक्करण झाले की खनिज ओळखले, अशी मुलांची समजूत होती. ती दूर करण्यासाठी आपण जे उदाहरण निवडलेत ते मी आता दर वर्षी वापरणार आहे. मासळी बाजारात तिसऱ्या आणि कालवे एकाच टोपलीवालीकडे मिळतात. दोन्हींचे शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचेच, पण तिसरीचे कवच अॅरागोनाइटचे असते आणि कालवाचे मुख्यतः कॅल्साइटचे. पहिल्यात कॅल्शियमच्या प्रत्येक अणूभोवती नऊ ऑक्सिजन असतात, दुसऱ्यात सहा; त्यामुळे पहिल्याची घनता २.९३ आणि दुसऱ्याची २.७१ भरते. सूत्र एक, रचना दोन, म्हणून खनिजेही दोन. खनिजाची प्रजाती ठरते ती रासायनिक संघटन आणि स्फटिकरचना या दोन्हींवरून, हे वाक्य आमच्या क्रमिक पुस्तकात आहेच. तिसऱ्यांचे शिंपले हातात घेऊन ते ऐकले तेव्हा मुलांना ते खऱ्या अर्थाने कळले.

यानंतरचे काम चिकाटीचे होते. १९१२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लाउए यांनी स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन होते, म्हणजे ते ठरावीक दिशांना वळतात, हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून मिठासारख्या साध्या स्फटिकांतली अणूंची मांडणी काढली, इतके आम्ही शिकवतो. पण प्रत्यक्षात त्यासाठी एक निखळ, एकसंध स्फटिक लागतो, आणि आपल्याकडच्या मँगनीज खनिजात तोच मिळणे कठीण असते. आपण द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली पोकळीतला एक काळा तंतू सुईच्या टोकाने वेगळा केलात, काचेच्या बारीक दांडीवर चिकटवलात, आणि मुलांना एकेक करून पाहायला लावलेत. उघड्या डोळ्यांना एकच वाटणारा तो तंतू म्हणजे जवळजवळ समांतर बसलेल्या असंख्य तंतूंची जुडी होती. अशा जुडीतून एकल स्फटिकाची माहिती मिळत नाही. आपण तो तंतू बाजूला ठेवलात, दुसरा घेतलात, मग आणखी एक. शेवटी हा नमुना भुकटीच्या पद्धतीनेच, म्हणजे कुटून त्याच्या असंख्य कणांवर एकदम क्ष-किरण सोडून, अभ्यासावा लागेल असे आपण ठरवलेत, आणि त्या निर्णयामागची कारणे मुलांकडून वहीत लिहून घेतलीत.

भुकटीचा आलेख, म्हणजे किती अंशांच्या कोनात किती किरण वळले ते दाखवणारा, आला तेव्हा त्याची पार्श्वभूमी इतकी वर चढलेली होती की मुले हिरमुसली. क्ष-किरण नळीतल्या तांब्यातून निघणारे किरण मँगनीज आणि लोह या दोघांनाही उद्दीपित करतात, त्यांचे स्वतःचे किरण बाहेर पडतात आणि आलेखाचा पाया उचलला जातो. यात नमुन्याचा दोष नाही, हे आपण धीराने सांगितलेत. मग पट्टी घेऊन शिखरे मोजायला लावलीत. २८.७ अंशांजवळचे ठळक शिखर पाहून पायरोलुसाइट (मँगनीजचेच एक साधे ऑक्साइड) म्हणण्याचा मोह होतो, कारण त्याची सर्वांत तीव्र रेषा तिथेच असते. परंतु १२.८ आणि १८.१ अंशांजवळ जी दोन शिखरे होती ती पायरोलुसाइटमध्ये येऊच शकत नाहीत. ती बोगद्यांच्या रचनेची खूण आहे.

ही रचना आपण फळ्यावर काढलीत तो तास मी जन्मभर विसरणार नाही. मँगनीजचा एक अणू आणि त्याभोवती सहा ऑक्सिजन, असा अष्टफलक, म्हणजे आठ पृष्ठांचा आकार. हे अष्टफलक कडेला कड लावून एकामागून एक बसतात आणि त्यांची साखळी होते. दोन साखळ्या शेजारी जुळून दुहेरी पट्टी होते. आणि अशा चार पट्ट्या कोपऱ्यांनी एकमेकींना भिडल्या की मधे चौकोनी बोगदा उरतो. साखळीच्या दिशेने दर २.८७ अँगस्ट्रॉमला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) तीच मांडणी पुन्हा येते. बोगद्यात मोठ्या आकाराचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, बसतात, आणि तिथे बहुसंख्य कोण यावरून खनिजाचे नाव ठरते: बेरियम असेल तर होलंडाइट, पोटॅशियम असेल तर क्रिप्टोमेलेन, शिसे असेल तर कोरोनाडाइट, सोडियम असेल तर मांजिरोआइट. चौकट तीच, रहिवासी वेगळा.

आपण ओळखी-पाळखीतून करवून दिलेल्या सूक्ष्म-पृथक्करणाच्या अहवालात बेरियम ऑक्साइडचा वजनी टक्का पोटॅशियम ऑक्साइडच्या जवळजवळ दुप्पट होता. वर्गाने एकमुखाने ‘होलंडाइट’ म्हटले. आपण काहीही न बोलता फळ्यावर अणुभार लिहिलेत: बेरियम १३७.३, पोटॅशियम ३९.१. मुलांनी गणित केले. दोन्ही ऑक्साइडांचे वजन समान असेल तर, ऑक्सिजनचा हिस्सा धरून, पोटॅशियमचे अणू बेरियमच्या सव्वातीनपट भरतात. म्हणजे बेरियमचे ऑक्साइड वजनाने दुप्पट असूनही बोगद्यात पोटॅशियमच दीडपटीहून अधिक. नमुना क्रिप्टोमेलेनचा ठरला. वजनाचे टक्के आणि अणूंची संख्या यांतला हा फरक मी प्रश्नपत्रिकेत कित्येकदा विचारला आहे, पण एका खनिजाचे नाव त्यावर अवलंबून आहे हे दिसल्यावर मुलांना तो पुन्हा समजावण्याची गरज उरली नाही.

एवढ्यावर थांबता आले असते. आपण थांबला नाहीत, आणि माझ्या मते आपल्या मदतीचा सर्वांत मोलाचा भाग यापुढचा आहे. ह्युगो रीटव्हेल्ट यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने गृहीत रचनेवरून अख्खा आलेख गणिताने तयार करायचा, तो मोजलेल्या आलेखाशी ताडायचा आणि रचनेतली परिमाणे थोडी थोडी बदलत दोन्ही जुळवायचे, हे आपण आम्हाला करून दाखवलेत. आलेखाच्या तळाशी दोहोंतल्या फरकाची रेषा येते. मुलांचे लक्ष वरच्या सुंदर जुळणीकडे होते, आपले तळाच्या रेषेकडे. २१.२ अंशांजवळ एक लहानसा उंचवटा शिल्लक राहत होता. क्रिप्टोमेलेनची रेषा तिथे नसते. गोएथाइट या लोहाच्या खनिजाची सर्वांत तीव्र रेषा मात्र तिथेच येते. म्हणजे संपूर्ण दगडाच्या पृथक्करणात जे लोह दिसत होते, त्यातले बरेचसे आमच्या खनिजाचे नव्हतेच, ते थरांमधल्या गोएथाइटचे होते. ते सूत्रात घातले असते तर कागदावर एक लोहयुक्त, कुठेच न नोंदवलेले खनिज तयार झाले असते. नव्या खनिजाचा खोटा भास कसा होतो हे त्या एका उंचवट्याने दाखवले.

होलंडाइटचा इतिहासही आपण त्याच ओघात सांगितलात. १९०६ मध्ये भूवैज्ञानिक फर्मर यांनी मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या काजलीडोंगरीच्या खाणीतून त्याचे वर्णन केले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तेव्हाचे संचालक थॉमस हॉलंड यांचे नाव त्याला दिले. स्फटिकरचना मात्र बायस्ट्रॉम दांपत्याने १९५० मध्ये उलगडली. चव्वेचाळीस वर्षे त्या खनिजाला नाव होते आणि बोगद्यांचा पत्ता नव्हता. आज असे सहसा चालत नाही. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेचा आयोग प्रत्येक नव्या प्रजातीचा प्रस्ताव तपासतो: संघटन, रचना, प्रकाशीय व भौतिक गुणधर्म, मूळ स्थळ, जवळच्या खनिजांशी तुलना, आणि मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात कायमचा जपला आहे ते. दोन तृतीयांश मते अनुकूल पडली तरच प्रजाती मान्य होते, आणि शोधणाऱ्याला स्वतःचे नाव देता येत नाही. मान्य प्रजातींची संख्या आता सहा हजारांच्या वर गेली आहे. आपण त्या प्रस्तावाचा सगळा आराखडा आमच्या क्रिप्टोमेलेनसाठी मुलांकडून भरून घेतलात, जणू ते आयोगापुढे जायचे आहे. एकाने विचारले, ‘नवे नाही हे कळले, तरी इतके कशाला?’ आपण म्हणालात, ‘जुने आहे हे तरी पूर्ण सिद्ध करू या.’

मला याच गोष्टीसाठी आपले विशेष आभार मानायचे आहेत. गोव्यात खनिज हा शब्द निघाला की बोलणे निर्यात, बार्जी, लीज आणि २०१२ व २०१८ ची खाणबंदी यांकडे वळते, आणि ते समजण्यासारखे आहे. कित्येक घरांची चूल त्यावर होती. पण त्या सगळ्यात खनिज स्वतः काय आहे, आत कसे रचले गेले आहे, हे पाहणारी माणसे आपल्याकडे थोडी आहेत. आमच्या विद्यार्थिनीच्या आजोबांना आम्ही रचनेचे चित्र नेऊन दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘एवढी वर्षे आम्ही हेच भरत होतो?’ त्यांच्या वतीनेही हे आभार आहेत.

त्या दगडाचा अर्धा भाग, चकचकीत केलेले काप आणि मुलांच्या वह्या विभागाच्या कपाटात नोंदणी क्रमांकासह ठेवल्या आहेत; मूळ जागेचा आजोबांनी सांगितलेला तपशील त्यांच्या सहीने जोडला आहे. या वर्षीच्या वर्गाने थरांमधल्या गोएथाइटवर काम करायचे ठरवले आहे आणि त्यांची पहिली शंका आहे की त्यात मँगनीज किती शिरले असेल. ती शंका मी मुद्दाम न सोडवता आपल्यासाठी राखून ठेवली आहे. चवथ (गणेशचतुर्थी) उरकल्यावर आपल्या सोयीचा कोणताही दिवस कळवावा. फोंड्याहून आणायला गाडी पाठवू.

आपली नम्र,
भूविज्ञानाची एक शिक्षिका, आणि तिचा संपूर्ण वर्ग
डिचोली, गोवा