फुल बॉडी चेकअपबद्दल, लीड्सहून

लीड्स, २२ फेब्रुवारी

ती. आप्पा आणि ती. आई यांस,
शि. सा. न. चि. भैयास अनेक आशीर्वाद.

आठे बठ्ठं बेस शे, इथे सगळं छान आहे. थंडी आहे, पण घरात हीटर आहे, अंगावर दोन स्वेटर आहेत आणि जेवण वेळेवर होतं. फोटोत मी वाळलेली दिसते ते खिडकीच्या उजेडामुळे, वजन तेवढंच आहे. कळण्याचं पीठ संपत आलंय, बाकी काही कमी नाही. तेव्हा आईने माझी काळजी करू नये. काळजीचा विषय वेगळाच आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

भैया, तू पाठवलेलं फुल बॉडी चेकअपचं पत्रक मी ओळन् ओळ वाचलं. रक्ताच्या ८४ तपासण्या, पोटाची सोनोग्राफी, छातीचा सीटी स्कॅन, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), कॅन्सरचे पाच मार्कर. दोघांचे मिळून २२,००० रुपये. शेजारच्या अण्णांच्या मुलाने पुण्याहून पैसे पाठवून हेच करून घेतलं, आणि आपली ताई इंग्लंडात राहून विचार करत बसली, असं घरात वाटलं असेल. पैशासाठी मी नाही म्हणत नाही. पैसे पाठवलेच आहेत, शेवटी लिहिते. पण हे पॅकेज घेऊ नका. त्याऐवजी जे सांगते त्यातलं एकही टाळू नका.

आधी ते ८४ समजून घ्या. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एकच तपासणी. जांभळ्या झाकणाच्या एका बल्बमधून (रक्ताच्या नळीतून) मशीन वीस-पंचवीस आकडे एकदम काढतं, आणि पत्रकात त्या प्रत्येक आकड्याची वेगळी तपासणी धरतात. लिपिडमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, खरे मोजलेले आकडे तीन-चार. बाकीची गुणोत्तरं भागाकार-वजाबाकी करून काढलेली. लिव्हरचं आणि किडनीचंही तसंच. रक्ताच्या लॅबमध्ये दिवस घालवणाऱ्या माणसाला यात नवल वाटत नाही, पण गिऱ्हाईक मात्र आकडा बघून भुलतं.

रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बहुतेक वेळा धडधाकट माणसांचे आकडे घेऊन ठरवतात आणि मधले ९५ टक्के आत ठेवतात. म्हणजे निरोगी माणसांतलेही शंभरात पाच जण प्रत्येक तपासणीत बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ८४ तपासण्या करून सगळं काळ्या शाईत येईल ही आशाच सोडा. मग त्या लाल आकड्यासाठी पुन्हा रक्त, मग स्कॅन, मग 'एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून घ्या'.

सीटी स्कॅनचं तर फार जपून. एका सीटीत छातीच्या साध्या एक्स-रेच्या कित्येक पट किरणं जातात. आणि आपल्या भागातल्या माणसाच्या फुप्फुसात जुन्या टीबीचा व्रण किंवा चार-पाच मिलिमीटरची बारीक गाठ सापडणं काही विशेष नाही. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण एकदा कागदावर 'नोड्यूल' छापलं गेलं की आप्पांची झोप गेलीच. कॅन्सरचे मार्कर निरोगी माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नाहीत. ज्याला कॅन्सर आहे त्याच्या उपचारांवर लक्ष ठेवायला ते कामाला येतात. सीए-१२५ पाळीत, फायब्रॉइडमध्येही वाढतो. सीईए बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतो. पीएसए प्रोस्टेट नुसतं मोठं झालं किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो. पीएसए वाढलेल्या चारांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतोच.

'लवकर सापडलं तर बरंच ना?' हा आप्पांचा प्रश्न रास्त आहे. दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारने कॅन्सरच्या तपासण्या सुरू केल्या आणि त्यांच्या जोडीला लोक थोडे जास्त पैसे भरून गळ्याची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं होतं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि जन्मभराची गोळी मागे लागली, तीही अशा गाठींपायी ज्यांनी बहुतेकांना कधीच त्रास दिला नसता. सरसकट हेल्थ चेकअपबद्दलचे सगळे चांगले अभ्यास कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये एकत्र तपासले, त्यात अडीच लाखांवर माणसं होती. चेकअप केलेले जास्त जगले असं काही दिसलं नाही.

मग इंग्लंडात काय करतात? इथे सरकार बहुतेक उपचार फुकट देतं, तरी फुल बॉडी चेकअप देत नाही. मोजक्या तपासण्या, त्या त्या वयाला. ४० ते ७४ वयात पाच वर्षांनी एकदा बीपी, कोलेस्टेरॉल, वजन आणि गरज वाटली तर साखर. बायकांना पन्नाशीनंतर सत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी मॅमोग्राफी. पुरुषांना ६५ व्या वर्षी पोटातल्या महाधमनीची एक सोनोग्राफी. आणि एक गोष्ट अशी आहे की आईला खरीच वाटणार नाही, म्हणून नीट समजावून लिहिते.

इथे माणूस पन्नाशीला आला की घरी पोस्टाने एक पाकीट येतं. कुणी मागितलेलं नसतं. आत करंगळीएवढी प्लास्टिकची बाटली, तिच्या झाकणालाच जोडलेली खाचा असलेली काडी. शौचाला बसायचं, पण मल पाण्यात पडू द्यायचा नाही. स्वच्छ डब्यात नाहीतर टॉयलेट पेपरच्या घडीवर धरायचा. त्यावर काडीचं टोक फिरवायचं, खाचा भरतील एवढंच, जास्त नाही. काडी बाटलीत घालून टक् वाजेपर्यंत झाकण दाबायचं आणि पुन्हा उघडायचं नाही. वर तारीख लिहायची. मग ती बाटली सोबतच्या पाकिटात घालून, तिकीट न लावता, कोपऱ्यावरच्या लाल पोस्टाच्या पेटीत टाकायची. हो, त्याच पेटीत ज्यात लोक वाढदिवसाची कार्डं टाकतात. मास्तर असो, बँकेतला साहेब असो, सगळे टाकतात, दर दोन वर्षांनी, ७४ वर्षांचे होईपर्यंत, आणि कुणी नाक मुरडत नाही. लॅबमध्ये त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधतात. फक्त माणसाचंच हिमोग्लोबिन पकडलं जातं, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्लं तरी चालतं. दोनेक आठवड्यांत पत्र येतं: पुढची तपासणी हवी किंवा नको. बस्स, एवढंच. ८४ आकडे नाहीत. एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये तपासणीच्या ज्या अटी छापल्या, त्यांचंही सार हेच आहे.

आता आईचं. आई, हे नीट वाच. तुझे जुने रिपोर्ट भैयाने पाठवले, त्यात हिमोग्लोबिन प्रत्येक वेळी साडेनऊ-दहा आहे. पाळी थांबून वर्षं झाली, मग रक्त जातंय कुठे? पॅकेजमध्ये हाच आकडा आणखी दहा लाल आकड्यांबरोबर छापून येईल, कुणीतरी टॉनिक लिहून देईल आणि विषय संपेल. म्हणून आधी फेरिटिन कर, त्यात शरीरातला लोहाचा साठा कळतो. लोह कमी निघालं तर गोळ्या चालू करच, पण फिजिशियनला स्पष्ट विचार, की पोटातून किंवा आतड्यातून रक्त जातं का हे कसं बघणार? वर लिहिलेली मलातल्या रक्ताची तपासणी आपल्याकडेही होते, 'फिट' म्हणून विचारा. ती निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांना एन्डोस्कोपीची गरज वाटली तर टाळू नका. हे पुढच्या आठवड्यात, लग्नाच्या गडबडीआधी.

तिच्या साखरेसाठी एचबीए१सीवर (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर) विसंबू नका. लोह कमी असलं की तो आकडा खोटाच चढतो. उपाशीपोटी साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी पुन्हा, हे पुरेसं आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही, म्हणजे तो कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी करून घ्यायची. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ही तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या बायकांमध्ये त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ते निष्कर्ष २००९ मध्ये छापले गेले. सरकारी केंद्रात ॲसिटिक ॲसिड लावून बघतात ती पद्धत तरुण बायकांसाठी चांगली आहे, पाळी गेल्यानंतर तिचा भरवसा कमी होतो. म्हणून आईला एचपीव्हीच. स्तनांची तपासणी प्रशिक्षित नर्सकडून किंवा डॉक्टरीणबाईंकडून. लाजू नकोस.

आप्पा, तुमचं थोडक्यात. तुम्हाला बीपी आहे, म्हणून किडनीसाठी क्रिएटिनिन ईजीएफआरसह आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय साखर, लिपिड. तंबाखू आहे, म्हणून तोंड. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली नीट उजेडात बघून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, पूर्ण न उघडणारा जबडा, यातलं काही असेल तर सरळ धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला. मोठी माय मिशरी लावते, तिलाही बरोबर न्या. पूर्वी तुम्ही बिडी ओढायचात, म्हणून सोनोग्राफी करायचीच तर महाधमनीची रुंदी मोजायला सांगा. तीन सेंटिमीटरच्या आत असली की तो विषय संपला. सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर किंवा मूत्रपिंडात साधी सिस्ट लिहून आली तर घाबरू नका. पित्ताशयात खडा दिसला आणि पोट कधीच दुखलं नसेल, तर ऑपरेशनची घाई नको.

बीपी घरी मोजा, दंडाला पट्टा बांधायच्या मशीनवर. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. १३५/८५ च्या वर राहिली तर गोळी बदलायला हवी. यातलं बरंचसं गावातच होतं. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी, साखर, तोंड, स्तन तपासणी सरकारी कार्यक्रमात फुकट आहे; आशाताई फॉर्म भरायला आल्या की 'आम्हाला काही नाही' म्हणून परत पाठवू नका.

रक्त घरी येऊन नेणाऱ्या पोराला एवढंच विचारा, की साखरेसाठी राखाडी झाकणाचा बल्ब आहे ना? साध्या बल्बमधल्या रक्तपेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के. आपल्याकडच्या उन्हात मोटरसायकलच्या पिशवीत दुपारपर्यंत फिरलेल्या रक्ताचा रिपोर्ट साखर कमी आणि पोटॅशियम जास्त दाखवू शकतो. त्यापेक्षा सकाळी स्वतः लॅबवर जा. रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. उपाशी म्हणजे आठ तास, पाणी चालतं, बीपीची गोळी चुकवायची नाही. आईच्या केसांच्या गोळीत बायोटिन असेल. थायरॉइड करायचं झालं तर ती दोन दिवस आधी बंद ठेवा, नाहीतर आकडा चुकतो.

आणि हे सगळं तक्रार नसलेल्या माणसासाठी. चालताना छाती भरून येणं, वजन उतरणं, गिळताना अडकणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, असं काही झालं तर तपासणीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदयात ब्लॉक नाही असं होत नाही.

मी तिथे असते तर आईला हाताला धरून नेलं असतं, हे तुम्ही बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. ते सगळं भैयावर पडतं, हेही कळतं.

भैया, शहाद्याच्या मुलीचं स्थळ मला मनापासून आवडलं. पत्रिका जुळवालच, पण पॅकेजमध्ये सहसा नसणारी एक तपासणी दोघांनी करून घ्या: एचपीएलसी या रक्ततपासणीने सिकलसेल आणि थॅलेसेमिया, हे रक्ताचे आनुवंशिक आजार. आयुष्यात एकदाच करायची. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि तेव्हा आधीच सल्ला घेता येतो. सिकलसेल आपल्या भागात, विशेषतः नंदुरबारकडे, बराच आहे. मुलीकडच्यांना राग येईल असं वाटत असेल तर तू आधी कर आणि रिपोर्ट त्यांना दाखव, मग त्यांना विचारणं सोपं जाईल.

आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, साखरपुड्याला माझं येणं होणार नाही. सुट्टी एकदाच मिळणार आहे, ती लग्नासाठी ठेवलीय. आईला हे तूच नीट सांग, फोनवर मला जमणार नाही. मुलीच्या साडीसाठी आणि हॉलच्या ॲडव्हान्ससाठी ८०,००० रुपये टाकलेत, त्यातले १२,००० वरच्या तपासण्यांचे आहेत, ते मांडववाल्याला देऊ नकोस. केळीवर कर्ज काढायचं आप्पांच्या मनात असेल तर आधी मला फोन करा.

तुमची,
ताई

ता. क. तपासणीची पावती जपून ठेव. तू जुन्या करपद्धतीने प्राप्तिकराचं रिटर्न भरत असशील तर वजावटीत आई-आप्पांच्या तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, रोख दिले असले तरी चालतात. आणि रिपोर्ट आले की सगळ्या पानांचे फोटो पाठव, नुसत्या लाल आकड्यांचे नकोत.