उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांना

मामा,
सा. न.

२०१९ च्या डिसेंबरात तुमच्या दुकानात एक बाई पिशवीत वॉशिंग मशीनचा गंजका शाफ्ट (फिरता दांडा) आणि दोन झिजलेले बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या) घेऊन आली होती, आठवतं का? ती मी. काम झाल्यावर 'बरं, येते' म्हणून निघून गेले आणि आभार मानायचे राहूनच गेले. गेल्या आठवड्यात मशीनचा पट्टा बदलला. खाली वाकून पुली हाताने हलवून पाहिली, तर शाफ्टाला अजून जराही ढील नाही. म्हणून लिहायला बसले. चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जुनं मशीन घेऊन दारोदार फिरणारी माणसं अजून आहेत.

बाबांनी १९९० साली बोनसच्या पैशांतून घेतलेलं हे दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक. डावीकडे धुवायचं, उजवीकडे पिळायचं. उजव्या टबाला आपल्याकडे सगळे 'ड्रायर'च म्हणतात. त्यात हीटर वगैरे काही नसतो. मिनिटाला साडेतेराशेच्या आसपास फेरे घेऊन तो कपड्यातलं पाणी भोकांतून बाहेर फेकतो, एवढंच त्याचं काम. पण आपल्याकडच्या जुलैत दोरीवरची चादर चार-चार दिवस ओली राहते, तेव्हा तेवढंच काम केवढं असतं ते कळतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. शाहूपुरी कुंभार गल्लीकडच्या आमच्या घरात छातीइतकं पाणी आलं आणि मशीन पाच दिवस त्यात होतं. पाणी ओसरल्यावर सगळे म्हणाले, भंगारात द्या. आई काहीच बोलली नाही, ओल्या फडक्याने ते पुसत राहिली. एका दुरुस्तीवाल्याने तर आधी प्लग लावून बघा म्हणून सांगितलं होतं. नशीब, तेव्हा गल्लीत वीजच नव्हती. मोटरीतल्या ओल्या वाइंडिंगला, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांना, वीज दिली असती तर दोन्ही मोटरी तिथेच संपल्या असत्या. पुढे रिवाइंडिंगवाल्याने त्या स्वच्छ पाण्याने धुतल्या, आठवडाभर वाळवल्या, मेगर लावून वीज कुठे गळत नाही ना ते तपासलं, वार्निश पाजलं. त्या वाचल्या.

अडलं ते बुशांवर. आमच्या मशीनला गिअरबॉक्स नाही. मोटरची लहान पुली, पट्टा, मोठी पुली, आणि तिचा शाफ्ट दोन बुशांमधून वर जाऊन पल्सेटर, म्हणजे टबातली पाणी घुसळणारी चकती, फिरवतो. नदीचा बारीक गाळ त्या बुशांत शिरला होता आणि गाळ म्हणजे पॉलिश पेपरच. शाफ्ट डुगडुगायला लागला की ऑइल सील (शाफ्टाभोवतीची पाणी अडवणारी रबरी कडी) टिकत नाही, सील गेलं की साबणाचं पाणी ठिबकत खाली येतं. नवे बुश मी कोल्हापुरात, सांगलीत, पुण्यात शोधले. कुठेच मिळाले नाहीत.

तुम्ही बुशांकडे पाहिलंसुद्धा नाहीत. शाफ्ट पुसलात, वर, मधे, खाली मायक्रोमीटर लावलात आणि म्हणालात, "बुश काय, कुणीबी करून दील. शाफ्ट आधी बघाय पायजे." एका बाजूला तो खाल्लेला होता. तो आधी ग्राइंडिंगला पाठवलात, आणि मग उरलेल्या मापाचे गनमेटलचे (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे) बुश केलेत. ढील दोन थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कंपनीचा बुश सच्छिद्र असतो, तेल पिऊन बसतो. गनमेटल तसं पीत नाही, म्हणून तुम्ही आतून तेलाची चर काढलीत आणि वर तेलात भिजवलेली फेल्टची चकती बसवलीत. हे मी सांगितलंच नव्हतं, मला ठाऊकच नव्हतं. पावतीवर ६८० रुपये लिहिलेत आणि ६८० घेतलेत. तेही मला बरं वाटलं, कामाचा मान राहिला.

पण मामा, खरे आभार ब्रेकचे. बुश न्यायला आले तेव्हा मी सहज बोलून गेले, की ड्रायरचा ब्रेक गंजलाय म्हणून एकाने तार बांधून तो कायमचा उघडा ठेवलाय, टब छान फिरतो. तुम्ही लेथ बंद केलात. झाकण उघडलं की तार सैल होते आणि ब्रेकचा बूट खालच्या ड्रमला धरतो, हे मला कागदावर काढून दाखवलंत. "पोरगं हात घालंल त्यात," एवढंच म्हणालात. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. झाकण उचलून आत डोकावायची त्याला सवयच होती. त्याच संध्याकाळी मी ती बांधलेली तार सोडली आणि ब्रेकच्या बुटाला नवं लायनर (घासणारं अस्तर) बसेपर्यंत ड्रायरला हात लावला नाही.

तुम्ही विचारलं होतं, ही पल्सेटरची कल्पना मूळ कुणाची? तेव्हा मला सांगता आलं नाही. नंतर वाचलं. वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यातून १९४८ साली हूवर कंपनीचं छोटं मशीन निघालं, त्यात पाणी घुसळणारी चकती टबाच्या बाजूच्या भिंतीला होती. जपानच्या सान्यो कंपनीने त्याच पद्धतीचं मशीन १९५३ साली आणलं, आणि १९६० साली शेजारी पिळायचा टब जोडला. आपल्या घराघरांतली दोन टबांची मशीनं त्याच कुळातली. चकती पुढे भिंतीवरून तळाशी आली. तुमचे बुश तिच्याच खाली आहेत.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा टीव्हीच्याही आधी चौघांनी मिळून मशीन वरच्या मजल्यावर नेलं. आई आता टायमर स्वतः फिरवत नाही, गुडघे दुखतात. पण पल्सेटर उलटा फिरताना मधे जो थांबतो, तो आवाज तिला पलंगावरून ऐकू येतो. धुणं झालं की मी पाणी पूर्ण सोडते, झाकणं उघडी ठेवते, दर सहा महिन्यांनी फेल्टवर तेलाचे चार थेंब टाकते. तुम्ही सांगितलंत तसं.

ब्रेकची तार मधे जरा सैल झाली होती. तुमच्या त्या कागदावर बघून मीच ओढून बसवली. आता दर महिन्याला झाकण उघडून टब किती वेळात थांबतो ते घड्याळावर मोजते. काल सात सेकंदांत थांबला.

तुमची,
शाफ्टवाली