उंदराचं औषध टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये कशाला?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आमच्या वाड्यात उंदीर वाढतात आणि घरोघरी ती उंदराच्या औषधाची ट्यूब येते, किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारीच लटकवलेली असते, कोणी काही विचारत पण नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींच्या चार वर्षांच्या मुलाने सकाळी उठून तीच ब्रशला लावली. ट्यूब तशी, पेस्ट तशी, पोराची काय चूक!

मग एकच गोंधळ. सासूबाई म्हणे दूध पाजा, कोणी म्हणे तूप चाटवा, कोणी मिठाचं पाणी करायला धावलं. नशीब वहिनींचा भाऊ फार्मासिस्ट आहे, तो फोनवर ओरडलाच, काही देऊ नका म्हणून. त्या पेस्टमध्ये ३ टक्के पिवळा फॉस्फरस असतो आणि तो तेला-तुपात विरघळतो, म्हणजे दूध-तूप दिलं की विष उलट लवकर भिनणार, आणि मुद्दाम उलटी काढली तर घसा परत पोळणार, फुफ्फुसात जायची भीती वेगळीच. तोंड धुतलं, ट्यूब पिशवीत टाकली आणि थेट दवाखाना.

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, पोरगं खेळायला लागलं, घरचे म्हणाले आता डिस्चार्ज द्या. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. या विषात मधले दोन-तीन दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि आत लिव्हर खराब होत असतं, मग कावीळ, मग रक्त गोठेनासं होतं. यावर उतारा असा नाहीच. रोज लिव्हरच्या आणि पीटी-आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या टेस्ट, लिव्हर सांभाळायला एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधाची सलाइन, फारच बिघडलं तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलायचा नाहीतर लिव्हर ट्रान्सप्लांट. किलोमागे १ मिलिग्रॅम फॉस्फरस जिवावर बेततो म्हणे, म्हणजे १५ किलोच्या पोराला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ह्याने चव लागताच थुंकली म्हणून वाचला.

तामिळनाडूने या पेस्टवर बंदी आणलीय. आमच्या दुकानात अजून ती लटकतेय. निदान ट्यूब तरी बदला, आणि तिच्यावर दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा चोवीस तासांचा नंबर ठळक छापा. दुकानदाराला बोलले तर म्हणतो, "ताई, हीच जास्त खपते."

आपली,
एक वाचक, जुने नाशिक