'हीटेड प्रायव्हेट पूल' फिल्टरबद्दल आणि फेटाळलेल्या परताव्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
हॉटेल बुकिंग संकेतस्थळ

विषय : तुमच्या संकेतस्थळावर 'हीटेड प्रायव्हेट पूल' (तापवलेल्या पाण्याचा खासगी पूल) हा शोधाचा फिल्टर लावून घेतलेला व्हिला, दोन रात्रींत २५ अंशांपुढे न गेलेले पाणी आणि नाकारलेला परतावा

महोदय,

परतावा नाकारताना तुमच्या विभागाने एकच वाक्य लिहिले आहे : 'पूल हीटिंगची सोय उपलब्ध असल्याची हॉटेलने खातरजमा केली आहे.' सोय होती, हे आम्हाला मान्य आहे. भिंतीमागे हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र) होता आणि त्याचा पंखाही फिरत होता. तक्रार पाण्याची आहे, पंपाची नाही.

पूल ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे २१,६०० लिटर पाणी. १,००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ किलोवॅट-तास उष्णता लागते, त्या हिशेबाने या पूलला दर अंशामागे २५ किलोवॅट-तास हवेत. चेक-इनला दुपारी ४ वाजता पाणी २१ अंश होते. 'संध्याकाळपर्यंत ३० होईल,' असे हॉटेलने सांगितले. ९ अंश म्हणजे २२५ किलोवॅट-तास. पंपाच्या पाटीवर उष्णता देण्याची क्षमता ९ किलोवॅट लिहिली आहे (फोटो क्र. ३). भागाकार केला तर २५ तास होतात, तेही पाण्यातून रतीभर उष्णता बाहेर जात नाही असे धरून. शिवाय पाटीवरचा आकडा साधारणपणे उबदार हवेतला असतो. हवा गार झाली की तोच पंप कमी उष्णता देतो, आणि थंडी फार वाढली तर त्याच्या नळ्यांवर (कॉइलवर) बर्फ धरतो आणि तो वितळवायला पंप मधूनमधून थांबतो. संध्याकाळपर्यंत ३० होणे शक्यच नव्हते. हे सांगायला पूलचा जाणकार लागत नाही, पाटी वाचली तरी पुरे.

आम्ही घेतलेली मापे अशी. पहिला दिवस, रात्री ९ : २२.५. दुसरी सकाळ ७ : २१.५. दुसरी संध्याकाळ ६ : २५. निघायच्या दिवशी सकाळी ७ : २३.५. थर्मामीटर दोरीला बांधून ४५ सेंटिमीटर खोल, पाणी आत सोडणाऱ्या नळीच्या समोरच्या टोकाला, ३ मिनिटे ठेवून घेतलेली ही मापे आहेत. वरचा थर उन्हाने फसवतो आणि नळीच्या तोंडाशी पाणी नेहमीच जरा गरम लागते, म्हणून ही जागा. हॉटेलच्या कर्मचाऱ्याने पहिल्या रात्री पंपाच्या पडद्यावर ३० दाखवले होते. तो आकडा लुकलुकत होता, म्हणजे ते सेट केलेले तापमान होते. हात काढल्यावर काही सेकंदांत पडद्यावर २२ आले. त्याचाही फोटो सोबत आहे.

रात्रीत अंश का उतरला, ते दोन रात्री समोर दिसत होते. पंप शयनगृहाच्या खिडकीखाली बसवला आहे, त्याची घरघर नको म्हणून टायमर रात्री १० ला तो बंद करतो आणि सकाळी ८ ला सुरू करतो. पूलवर कव्हर नाही. कव्हर गुंडाळायचा रूळ बसवायला जागाच सोडलेली नाही, कारण एक बाजू इन्फिनिटी एज आहे. पाणी त्या कडेवरून पातळ पडद्यासारखे खालच्या टाकीत पडते आणि परत वर चढवले जाते. फोटोत ही कड फार देखणी दिसते. उष्णतेच्या दृष्टीने मात्र ते पाणी गार करायचेच यंत्र आहे : पातळ थर, वाऱ्याला उघडा, आणि पाणी फिरवणारा वेगळा पंप रात्रभर चालू. उघड्या पूलची सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनात जाते. १ लिटर पाणी उडून जाताना जवळपास ०.६८ किलोवॅट-तास घेऊन जाते. १८ चौरस मीटर पृष्ठभागावरून रात्रभरात अवघे ३ मिलिमीटर पाणी उडाले तरी ५४ लिटर होतात, आणि सबंध पूल दीड अंशाने उतरतो. कडेवरून होणारी गळती आणि मोकळ्या आकाशाकडे जाणारी उष्णता यात धरलेली नाही. म्हणजे दिवसभर जे कमावले, त्यातले बरेचसे रात्रीत उडाले. कव्हर घालून आणि रात्री ती कड बंद ठेवून हाच पंप दुसऱ्या संध्याकाळपर्यंत २६-२७ च्या आसपास पोहोचवू शकला असता.

२५ अंश वाईट का, असे तुमच्या प्रतिनिधीने चॅटवर विचारले. पोहण्याच्या शर्यतींसाठी २५ ते २८ अंश पाणी चालते, कारण तिथे माणूस सतत हातपाय मारत असतो. खासगी पूलमध्ये माणसे कडेला टेकून बसतात, लहान मुले पायऱ्यांवर खेळतात. पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते, आणि स्थिर बसलेल्या अंगाला गारही नाही, गरमही नाही असे वाटायला ३३ च्या आसपास अंश लागतात. म्हणून निवांत बसायला २९-३०, मुलांना आणि वयस्करांना ३०-३२. २३.५ मध्ये नुसते बसले तर थोड्याच वेळात हुडहुडी भरते.

आता तुमच्या फिल्टरबद्दल, कारण खरी चूक तिथे आहे. 'हीटेड' या एका खुणेखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी येतात. कुठे पूल बारा महिने ठरावीक तापमानाला ठेवलेला असतो. कुठे तो मागणी केल्यावर तापवतात, दोन दिवस आधी कळवायचे आणि पैसे वेगळे. कुठे वर्षातले काही महिनेच हीटिंग चालते. कुठे नुसती सौर पॅनेल असतात. त्यांचे क्षेत्रफळ पूलच्या निम्म्याहून कमी असेल किंवा आभाळ भरलेले असेल, तर त्यांचा असून नसल्यासारखा उपयोग. आणि कुठे पूल गारच असतो, शेजारचा जकुझी तेवढा ४० अंशांवर असतो आणि त्याच्या जोरावर खूण मिळते. 'टेंपरेचर कंट्रोल्ड' हा शब्द तर आणखी फसवा आहे : दुबईत उन्हाळ्यात त्याचा अर्थ पूलचे पाणी गार करणे असा असतो. गरम झऱ्यांच्या यादीतही हीच गल्लत. जपानच्या १९४८ च्या कायद्यानुसार उगमाशी २५ अंश पाणी असले तरी ते 'ओन्सेन' (गरम झरा) ठरते, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावरून टाकीतले पाणी किती गरम आहे ते कळत नाही. 'प्रायव्हेट'चीही तीच कथा. दोन व्हिलांमध्ये एक पूल, किंवा खोलीच्या ओट्यापुढून जाणारा लांबट सामायिक पूल, दोन्ही तुमच्याकडे 'प्रायव्हेट'मध्ये सापडतात.

फोटोंवर तुम्ही जो भर देता, त्याबद्दलही एक सांगावेसे वाटते. पाण्यावर वाफ तरंगताना दाखवली की पाणी कढत आहे असे वाटते. ती वाफ हवा गार असल्याची खूण आहे. हवा ५ अंश असेल तर २० अंशांच्या पाण्यावरही धुके उठते.

आणि परीक्षणे! या हॉटेलची 'पाणी मस्त कोमट' अशी परीक्षणे उन्हाळ्यातली आहेत. तेव्हा पंप बंद असला तरी पाणी कोमटच असते. तुमची एकत्रित सरासरी उन्हाळा आणि थंडी एकाच टोपलीत टाकते.

आरक्षणाच्या १२ दिवस आधी तुमच्याच संदेश-खिडकीतून हॉटेलला विचारले होते : पूल गरम असतो का? उत्तर आले : 'होय, हीटेड पूल उपलब्ध आहे.' हा प्रश्न ढोबळ होता, हे मान्य. नेमका प्रश्न असा हवा होता : अमुक तारखेला सकाळी ८ वाजता पाणी किती अंश असेल, हीटिंग रात्री चालू असते का, कव्हर आहे का, आगमनाच्या किती तास आधी तापवायला सुरुवात करता, आणि त्याचे पैसे दरात धरले आहेत का? पण हे पाच प्रश्न प्रत्येक ग्राहकाने प्रत्येक हॉटेलला विचारायचे असतील, तर फिल्टर कशासाठी? हॉटेलने नोंदणी करतानाच ती माहिती आकड्यांत भरावी. किमान अंश, कोणत्या महिन्यांत, पूल किती लिटरचा, हीटर किती किलोवॅटचा, कव्हर आहे की नाही. शेवटची तीन उत्तरे असली की दावा खरा की खोटा, हे तुमची यंत्रणा स्वतःच पडताळू शकेल. किमान अंशांचा रकाना रिकामा असेल तिथे खूण देऊ नका. आणि परीक्षणे महिन्याप्रमाणे गाळता येऊ द्या. ही सोय करायला फारसे काही लागत नाही.

आमची मागणी सबंध भाडे परत मिळावे अशी नाही. खोली, सेवा, न्याहारी याबद्दल तक्रार नाही. पाणी स्वच्छ होते, क्लोरीनही ठीक होते. त्याच हॉटेलात त्याच तारखांना पूल नसलेला तसाच व्हिला तुमच्या संकेतस्थळावर दिसत होता (स्क्रीनशॉट क्र. ६). दोन दरांतला फरक, दोन रात्रींचा, आणि 'पूल हीटिंग' नावाने वेगळी लावलेली दोन दिवसांची आकारणी पूर्ण, एवढे परत करावे. हॉटेलकडून ते कसे वसूल करायचे, हा तुमचा आणि त्यांचा व्यवहार आहे. पैसे आम्ही तुम्हाला दिले आहेत.

पुढील खरेदीची कूपने पाठवू नयेत. ती एकदा नाकारली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे या आकारणीवर हरकत नोंदवू आणि हेच कागद तिथे जोडू.

आपले,
आरक्षण करणारे दोन ग्राहक

सोबत : आरक्षणाची पावती, संदेशांची नक्कल, थर्मामीटरचे वेळ दिसणारे चार फोटो, पंपाची पाटी आणि पडदा, टायमरचा फोटो, दोन दरांचा स्क्रीनशॉट.