परांचीबद्दल लिहायचं नव्हतं

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, ते बरं केलं नाही. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. परांचीचा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

फाउंटन्स ॲबीचे, तुझ्या इंग्लंडातल्या त्या पडक्या मठाचे, फोटो मोठे करून पाहिले. ते कोठार! सुमारे 300 फूट लांब, मधोमध खांबांची एकच रांग, आणि कमानींच्या फासळ्या थेट खांबातूनच फुटलेल्या, झाडाला फांद्या फुटाव्यात तशा. जन्मभर दगडात काम केलं, पण असं काम माझ्या हातून झालं नाही. दगडही त्याच दरीच्या कड्यातला. अण्णांनी घाटाला नदीकाठचाच दगड काढला होता. त्याच घाटावर ते... असो.

नऊ वेद्यांच्या भागात कमानीला तडा गेला, तिथे देवदूत कोरून बसवलाय म्हणालीस. तडा झाकायचा नाही, असं मी गवंड्यांना सांगत आलो. तो देवदूत मात्र बघावासा वाटतो.

1132 साली यॉर्कच्या मठातून 13 साधू भांडून निघाले, कारण त्यांना अधिक कडक व्रत पाळायचं होतं. पहिला हिवाळा म्हणे झाडाखाली काढला. तुझ्या खोलीतला हीटर दुरुस्त झाला का?

तो मठाधिपती हबीचा मनोरा 160 फुटांच्या आसपास आहे ना? तेही परांची बांधूनच चढले असतील. फळी दोन्ही टोकांना बांधलेली आहे ना, हे स्वतः बघायचं. दुसऱ्याच्या शब्दावर चढायचं नाही. ओल्या फळीवर तर मुळीच नाही, आणि तिकडे पाऊस सारखाच. दुपारी जेवल्याशिवाय वर जायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते.

बघ, सुरू झालो. माफ कर. तू पाच वर्षांची असताना चुन्याच्या घाणीशी बैलामागे फिरायचीस, पाय पांढरे करून घरी यायचीस. आई मलाच बोलायची.

1539 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला, छतावरचं शिसं उतरवलं. छत गेलं की भिंतीत पाणी मुरतं, हे मला कुणी सांगायला नको. अशाच भिंतींना चुना भरायला माझी मुलगी शिकते आहे, हे मी काल पारावर दोनदा सांगितलं.

मेतकूट आणि लोकरीचे मोजे पाठवलेत. वर चढशील तेव्हा कमरेचा पट्टा बांधलेला एक फोटो पाठव. हुक कुठे अडकवलाय ते दिसू दे.

तुझे,
बाबा