मंत्रीसाहेब, माझ्या ट्रेलरला नंबर कोण देणार?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

साहेब नमस्कार. तुम्ही नागपूरचे, म्हणून सरळ मराठीत लिहितोय, इंग्रजीत दोन अर्ज करून झालेत. मी आयटीआय फिटर, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं दुकान आहे, गेट ग्रिल शेड असलं सगळं करतो. चौदा महिन्यांचे रविवार घालून मी एक कॅम्पिंग ट्रेलर बनवलाय. बोलेरोच्या मागे जोडायचा, आत दोघं नीट झोपतील एवढा, मागचं दार वर उचललं की खाली ओटा आणि शेगडी. आज तो पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे, आई त्याच्या छपरावर पापड वाळत घालते आणि पाहुणे जास्त झाले की पोरं आत झोपतात, कारण त्याला नंबर नाही आणि नंबर नाही म्हणून रस्त्यावर काढता येत नाही.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल जुगाड आहे. चेसिस ७५ बाय ५० च्या ३ एमएम ट्यूबची, सगळं सीओटू वेल्डिंग, रेड ऑक्साइडचे दोन हात. वर १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय, बाहेरून पत्रा. हब, ड्रम, चाकं सगळी बोलेरोची, म्हणजे गाडीची आणि ट्रेलरची स्टेपनी एकच, पाणंदीत टायर फुटला तर भटकायला नको (आमच्याकडं ऑफरोड म्हणजे पाणंद, पावसाळ्यात एकदा येऊन बघा). ७० लिटरची पाण्याची टाकी, १०० एएचची लिथियम बॅटरी, वर एक सोलर पॅनल. रिकामा ५४० किलो, पाणी सामान भरून ६९०.

हे वजन मी कुठं केलं माहितीय का, उसाच्या वजनकाट्यावर. आणि तिथं नेला कसा तर टेम्पोत चढवून. म्हणजे चाकं, ब्रेक, लाईट सगळं असलेली वस्तू दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून गेली, काटेवाला हसून हसून बेजार, त्याने टेम्पोचं वजन वजा करून दिलं आणि पैसे पण घेतले नाहीत.

चुका झाल्या, लपवत नाही. पहिल्यांदा अॅक्सल बरोबर मधोमध लावला, दिसायला छान दिसत होता, पण गुळाचा काटा घेऊन दांड्याखाली ठेवला तर हुकवर जेमतेम ३० किलो येत होतं. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के तरी पुढे हुकवर पाहिजे, नाहीतर वेग वाढला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि एकदा का झोके सुरू झाले की तो पुढच्या गाडीला पण घेऊन आडवा होतो. मग स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर कापून अॅक्सल १५ सेंटीमीटर मागे घेतला, आता ६७ भरतात. ब्रेक ओव्हररन टाइपचा बसवला, म्हणजे पुढच्या गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो, त्या ढकलण्यानेच दांडा आत सरकून ब्रेकचा मास्टर सिलिंडर दाबला जातो. रिव्हर्स घेताना पण तो तसाच दाबला जातो, त्यासाठी वेगळी लॉक पिन केली, ती जमवायलाच तीन रविवार गेले. ऑस्ट्रेलियात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो असं वाचलं होतं, पण ऑस्ट्रेलियात आंबा घाट नाही.

आता आरटीओचं. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, तिथली माणसं वाईट नव्हती, एकाने चहा पण पाजला. खिडकीवर विचारलं कंपनी कुठली, म्हटलं मीच. मग फॉर्म २२ कोण देणार, म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे हा बनवणाऱ्याचा दाखला, म्हटलं मीच देतो, सही करतो. तर म्हणाले तुमच्या सहीला टाइप अप्रूव्हल कुठाय. आणि कायद्याने ते बरोबरच आहे हो. नियमाप्रमाणे आधी नमुना तपासून घ्यायचा, पास झाला की तसेच बनवून विकायचे. कंपनीला ते परवडतं, हजार ट्रेलर विकले की तपासणीचा खर्च हजारांत वाटला जातो. माझा पहिला ट्रेलर तोच आणि हजारावा पण तोच.

गंमत म्हणजे कागदावर आमची सोय आहे! तुमच्याच खात्याचं ५ नोव्हेंबर २००४ चं नोटिफिकेशन काढून बघा, नॉन ट्रान्सपोर्ट, म्हणजे धंद्याला न लावायच्या, वाहनांच्या यादीत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे सरकारने वीस वर्षांपूर्वी मान्य केलं की अशी वस्तू असू शकते, खोलीवर पाटी पण लावली, फक्त एकट्या माणसाला आत शिरायला दार ठेवलं नाही.

बाहेर आलो तर एकाने बाजूला घेऊन सांगितलं, कशाला डोकं लावता, शेतीची ट्रॉली म्हणून पास करून घेऊ, ओळखीचा ट्रॉलीवाला आहे, त्याच्या नावावर कागद निघतील. खरं सांगतो साहेब दोन दिवस मनात घोळत होतं. मग बायको म्हणाली, घाटात काही झालं आणि कागदावर ट्रॉली, जागेवर बेडरूम, इन्शुरन्सवाला एक पैसा देईल का. सोडून दिलं. पण त्याच संध्याकाळी घरी येताना पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर, रिफ्लेक्टर नाही, मागचा लाईट नाही, स्पीकर मात्र दणक्यात, आणि त्याच्या मागे एक अंगद, म्हणजे उसाची छोटी गाडी, डुलत चाललेलं. मी त्यांच्या पोटावर उठत नाही, आमच्या पाव्हण्यांचेच आहेत ते ट्रॅक्टर. पण माझ्या ट्रेलरला ब्रेक आहे, इंडिकेटर आहे, सेफ्टी चेन आहे, आणि घरात बसायचं मी?

माझं मागणं एवढंच आहे की माझा ट्रेलर कोणीतरी तपासा. सूट मागत नाही. जोड ठोकून बघा, ब्रेक मारून बघा, वजन करा, नापास असेल तर नापास करा, काय चुकलं ते लिहून द्या, मी दुरुस्त करून परत आणतो. ७५० किलोच्या आतले ट्रेलर तुमच्याच वर्गवारीत टी १ म्हणून वेगळे आहेतच, निदान तेवढ्यांसाठी स्वतः बनवलेला, स्वतःसाठी, विकायला बंदी, अशी एक वाट काढा. पुण्यात गाड्या तपासणाऱ्या संस्था आहेत, एआरएआय आहे, सीआयआरटी आहे, महिन्यातला एक दिवस आमच्यासारख्यांना द्या, वाजवी फी घ्या. ऑस्ट्रेलियात ४.५ टनांपर्यंतच्या ट्रेलरसाठी सरकारनेच नियमपुस्तिका काढलीय, व्हीएसबी १ नावाची, फुकट. रुंदी किती, चेन किती, लाईट कुठं, ब्रेक कधी, सगळं त्यात. माझ्यासारखा फिटर बसून वाचेल अशी आहे, मी मोबाईलवर ट्रान्सलेट करत करत वाचली आणि निम्मा ट्रेलर त्यावरूनच केला.

आणि असं तुम्ही आधी केलेलं आहे. २०२१ मध्ये ५० वर्षांपुढच्या व्हिंटेज गाड्यांसाठी नंबरांची वेगळी व्हीए सीरिज काढली, नव्या नोंदणीला २० हजार फी, हौशी लोकांनी आनंदाने भरली असेल. ती हौस आणि ही हौस यात मला तरी फरक दिसत नाही, फक्त ते विकत घेतात आणि आम्ही बनवतो. त्याच वर्षी आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅराव्हॅन पार्कची स्वप्नं दाखवली, चांगलं आहे, पण मला भाड्याची एसी बस नकोय, कोयनेच्या काठाला स्वतः बनवलेल्या ओट्यावर पिठलं करायचंय.

अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवल्यात, तुमच्या ऑफिसातून कोणी मागितल्या तर पाठवतो. ट्रेलर बघायला कोणी अधिकारी येणार असेल तर रविवार सोडून कधीही चालेल, रविवारी तिथं भाचरं असतात. मागे उजव्या बाजूला नंबर प्लेटची जागा सोडलीय, वर छोटा लाईट पण लावलाय. पार्किंग लाईट चालू केले की रिकाम्या पट्टीवर तो पण लागतो.

आपला,
एक फिटर